बाबांचे दोन झोत

"छान झालंय. फक्त हे दोन झोत तेवढे कापून टाका."

तो असं म्हणाला आणि मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. एप्रिलच्या उन्हात घामाघूम, चष्मा नाकावर घसरलेला... देखणा होता, याचाही मला रागच आला.

हा प्रवीण. रोह्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. विज्ञान प्रदर्शनासाठी कृष्णविवर हवं म्हणून त्याने फेब्रुवारीत पेणला, आमच्या गणपतीच्या कारखान्यात, बाबांना चित्र पाठवलं होतं. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढणारं विवर, भोवती गरगरणारी तबकडी, वर-खाली सुटलेले दोन झोत. बाबांनी तारेवर शाडू चढवून झोत घडवले आणि मार्चमध्ये ते गेले. रंग मी दिला. रिकामी जागा दिसली की सोनेरी ओढायचा, ही आमची सवय. तबकडी आतल्या कडेपर्यंत लखलखली.

"का कापायचे?"

"तबकडी इतकी आतपर्यंत भरून तेजाळते ना, तेव्हा झोत बंद पडतो. रेडिओ दुर्बिणींना तो दिसेनासा होतो. अलीकडेच—"

"तुमच्याच चित्रात होते!"

"चित्रात तबकडी आत विरळ होती. तुम्ही भरलीत."

"म्हणजे चूक माझी, आणि कापायचं बाबांचं?"

"अय गो सरू," मूर्ती घासणारी धोंडुबाई ओरडली, "माणूस रोह्यावरनं आलाय. पाणी तरी दे, मग मार!"

मी पाणी दिलं. आदळूनच.

"त्यांनाच विचारू या ना," तो म्हणाला. "कुठे आहेत?"

"नाहीत. हे त्यांचं शेवटचं काम."

त्याने पेला खाली ठेवला.

"बंद पडलेला झोत परत सुटतो का?" मी विचारलं.

"सुटतो. तबकडी आतून ओसरली की."

"मग रंगच बदलू! हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही इतका सुंदर दिला होता..." कानापर्यंत लाल होत तो म्हणाला. "त्याला हात लावा म्हणवेना."

माझा रंग वाचवायला हा माणूस बाबांचे झोत कापणार होता! मी संतापून राखाडी रंग कालवला. तबकडी त्याने धरली, आतलं सोनं मी पुसत नेलं... धुरकट, विरळ. झोत तसेच उभे राहिले.

"माफ करा," तो म्हणाला.

"खबरदार! महिनाभर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलताहेत. उलट बोललात ते तुम्ही एकटे."

"मला भांडता येत नाही हो."

"येतं. माझं ठेवून बाबांचं कापायला निघालात! एवढ्यावर आपलं जन्मभर भांडण पुरेल."

शब्द निघून गेला होता. धोंडुबाईचा पॉलिशपेपर थांबला. मी ब्रशकडे बघत राहिले.

"पुरवू," तो म्हणाला.