रुखमाच्या लग्नाची भिंत

समुद्रपूरच्या बाजारात माझ्या कडेवरच्या टोपलीत, वांग्यांवर टप्पकन पिवळा रंग पडला. मी वर पाहिलं. शिडीवर उभा राहून एक उंच तरुण दुकानाची पाटी रंगवत होता.

"वांग्यांले हळद लावून राह्यले का जी?"

"लावली... आता भटजी तेवढा पाहा!" तो हसला, आणि गालावर खळी पडली.

हा वर्ध्याचा पेंटर, प्रेमदास. त्याला मी विसरलेही असते, पण परवाच बंडूमामा त्याला घेऊन आमच्या दारात हजर! रुखमाताईचं लग्न तोंडावर आलेलं. लग्नघराच्या दाराशी हत्ती-घोडे काढायचे असतात, आणि आमच्या आळीतली अशी प्रत्येक भिंत माझ्या हातची. शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला, गेरू, काजळ... बस.

"नवरदेवाकडचे पाव्हणे शहरातले आहेत, सुंदरा," मामा म्हणाले. "काडीचं काम पाहून हसतीन. याच्यापाशी विलायती ब्रश आहेत."

माझ्या ताईची भिंत, अन् हात दुसऱ्याचा? मी दार अडवून उभी राहिले. "मी सरकत नाई, मामाजी."

प्रेमदासनं डबा उघडला. ब्रश कसले — मांजराच्या पिलासारखे मऊ! माझी नजर हटेना. त्यानं ते पाहिलंच.

"अर्धी भिंत तुमची, अर्धी माही," तो म्हणाला. "पन ब्रश तुमी घ्या, काडी मले द्या."

"बिघडलं तर काडीले नाव ठेवसान!"

"तुमच्या काडीले? हिंमत नाई जी."

आधी त्याची रेघ तुटत होती. मग त्यानं काडी जरा तिरपी धरली... आणि घोड्यानं पाय उचलला — आता उधळतो की काय! इकडे माझ्या हत्तीची सोंड. काडीनं ती थांबत थांबत काढावी लागे. ब्रशनं एका श्वासात वळली. अंगावर काटा आला.

"ब्रश चांगलाच आहे जी," मी म्हटलं, मान ताठ ठेवून. "पन वळायचं कुठं, ते त्याले म्या सांगतलं."

मामा आले. वाकून सोंडेची रेघ पाहू लागले.

"हत्ती कोनाचा?"

"माहा."

ते खाकरले. "पेंटर, घोडा झाला ना? बाकीची भिंत पोरगी काढते."

मामा आत गेले. प्रेमदास मात्र डब्याचं झाकण लावतोय... काढतोय... पुन्हा लावतोय.

"सुंदराबाई... तुमच्या लग्नाची भिंत?"

"मीच काढीन. कोनाले हात लावू देनार नाई."

"मलेबी?"

चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. "नवरा-नवरीची नावं लिहा लागतात ना... ते तुमी लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं."

"तुमच्या नावाजवळ... कोनतं लिहू?"

"आता तेबी मीच सांगू का जी?" मी दाराआड सरकले. "तुमच्या मायनं ठेवलं, तेच लिहा!"