काकासाहेबाच्या वाटचं पाणी

ओम, तो दगड खाली ठेव. मडक्याला भोक पाडायचं ते खिळ्यानं. का म्हणून विचारतोस, तर बसा सगळे. वणव्याची राखण आहे, नाहीतरी झोपायचं नाहीच.

ही आपल्या काकासाहेबाची गोष्ट. माझ्या बरोबरीचा. तेव्हा हा डोंगर उघडाबोडका होता. लागोपाठ दोन उन्हाळे आम्ही लावलेली रोपं जळाली. ग्रामसभेत लंकाबाई उठली. म्हणाली, "भावजी, तुमच्या चराईबंदीपायी माजी गुरं उपाशी. यंदा बी रोपं वाळली तर डोंगर गुरांना मोकळा." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकासाहेब खाली बघत राहिला. या डोंगरापलीकडं त्याला दुसरं काही नव्हतं.

म्हणून टेम्पोवाल्या कल्याणबरोबर तो पुणतांब्याला मडकी आणायला गेला. बुडाला बारीक भोक पाडायचं, चिंधीची वात घालायची आणि मडकं रोपाच्या मुळाशी पुरायचं. पाणी झिरपत राहतं, एका भरण्यात आठवडा निघतो. येताना गोदावरीच्या घाटावर हातपाय धुतले. नदी आटलेली. पात्रात एक काळा, टोकदार दगड दिसला. भोकं पाडायला बरा, म्हणून त्यानं उचलला.

कल्याण म्हणाला, "काका, दहाव्याचा घाट हाय ह्यो. लोक जीवखडा हितंच सोडत्यात. टाका त्यो."

"आरं, दगडाला कसलं सुतक? झाडाच्या कामी येतोय, पुन्यच लागंल."

तुम्हा पोरांना माहीत नसेल. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडानं भोक पाडतात, तो जीवखडा. गेलेल्याचा जीव त्यात धरतात. दहा दिवस त्याला पाणी द्यायचं, मग नदीत सोडायचा.

त्या दगडानं काकासाहेबानं सगळी मडकी टोचली. पुरली, भरली. सकाळी बघतो तर कोरडी. भोवतालची मातीही कोरडी. पुन्हा भरली. पुन्हा तेच. लंकाबाई हसली. "भावजी, डोंगराला शुगर झाली का वं? लई तहान लागतीय त्याला!"

दोन हजार तेवीस सालची वैशाखातली अमावस्या. शुक्रवार. शनिजयंती म्हणून निम्मं गाव शनिशिंगणापूरला गेलेलं. संध्याकाळी टँकरनं मडकी भरून काकासाहेब एकटाच वर थांबला. इथंच, या खडकावर. पुढचं त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मध्यरात्रीनंतर वारा पडला. रातकिडे थांबले. खालच्या ओळीतून आवाज आला. घट... घट... माणूस पाणी पितो तसा. त्यानं बॅटरी मारली. कोणी नाही. आवाज वरच्या ओळीला आला. मग त्याच्या वरच्या...

शेवटचं मडकं त्याच्या पायाशी होतं. त्यानं आत हात घातला. पाणी होतं. गार. ते उतरायला लागलं. मनगट उघडं पडलं. मग तळवा. मग...

बोटांना ओठ लागले.

"कोण हाय?"

...

"तहान लागली व्हय?"

...

हात निघेना. शेवटी तो म्हणाला, "माज्या वाटचं बी पी, बाबा. पर झाडं सोड."

ओठ सुटले.

सकाळी त्यानं दगड गोदावरीच्या डोहात नेऊन सोडला. मी विचारलं, "तुज्या वाटचं म्हंजी कुठलं रं?"

आठवडाही गेला नाही. दुपारी ओट्यावर बसून त्यानं पाणी मागितलं. तांब्या ओठाला लागायच्या आत मान कलली.

स्मशानात मडकं मी भरलं. माझ्या हातानं, काठोकाठ. त्याच्या पोराच्या, रविराजच्या खांद्यावर दिलं. पहिल्या फेरीला दगड मारला. भोक पडलं.

थेंब आला नाही.

दुसरी फेरी. दुसरं भोक. तिसरी... खाली धूळ. रविराज माझ्याकडं बघत होता. त्यानं मडकं मागं टाकलं. फुटलं. खापऱ्या आतूनही कोरड्या.

त्या अमावस्येनंतर डोंगरावर टँकर आला नव्हता. माणूसही फिरकलं नव्हतं. राख सावडून मी एकटा वर आलो. रोपांना पालवी फुटलेली. वाकलो, पहिल्या मडक्यावरची झाकणी उचलली. मग दुसऱ्यावरची. मग पळत पळत सगळ्या...

एकूण एक मडकं गळ्यापर्यंत भरलेलं.