मीठ धरेना

आधी पातेल्यांना क्षार चढायचा थांबला. वाशेवाडीच्या बायका खूश झाल्या. चिंच लावून हंडे घासायचं काम सुटलं. खाडीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना उभा राहिला होता. नळ्या क्षाराने बुजू नयेत म्हणून तिथे पाण्यात ‘निवळ’ नावाचं औषध सोडत. गोडं पाणी नळांना जाई, उरलेलं जास्त खारं पाणी खाडीत परत. निवळ दोन्हींत असे.

मग माशांचे काटे मऊ झाले. चांगुणाबाईने बोईटाचा काटा दाताखाली घेतला तर तो शेवयीसारखा वाकला. तिची सून निकिता तेव्हा पोटुशी होती. पोटातल्या हाडांना हाडं मिळतील, असं म्हणत सासू तिला रोज काट्यासकट मासे वाढू लागली. निकिता त्याच कारखान्यात रसायनतज्ज्ञ. निवळ किती सोडायचं ते तीच ठरवी. काटे काढत बसायला नको म्हणून तीही खुशीत जेवली.

दोन उन्हाळ्यांनंतर चांगुणाबाईच्या मिठागरात मीठ धरेना.

ऊन होतं तेच, खाडीवरचा वाराही तोच. वाफ्यातलं पाणी आटत आटत काकवीसारखं दाट झालं, पण पांढरा कण म्हणून दिसेना. चांगुणाबाईने घरच्या रीतीप्रमाणे गेल्या सालच्या मिठाची मूठ वाफ्यात टाकली, दुधाला विरजण लावावं तशी. एरवी त्या मुठीभोवती रात्रीतून मीठ फुलायचं. या खेपेला मूठ तळाशी नुसती पडून राहिली.

सुट्टीच्या दिवशी निकिता बांधावर आली. कडेवर लेक शर्वी होती. निकिताने पाण्यात बोट बुडवून चिमटीत चोळून पाहिलं. सासूने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “गौरीपुढे आपण फेर धरतो ना आई, मीठ तसंच. कण म्हणजे त्या बायका, पाण्यात सुट्या फिरत असतात. पाणी आटलं की एकमेकींचा हात धरतात. एकीने धरला की दुसरी येते, तिच्यामागून तिसरी. तोच स्फटिक. निवळ त्या फेरात शिरतं, एका हाताने धरतं, आणि दुसरा हात पुढचीला देतच नाही.”

“म्हणजे आपली शेजारीण,” चांगुणाबाई म्हणाली.

निकिता हसली नाही. ती शर्वीच्या डोक्याकडे बघत होती.

शर्वीला दीड वर्ष सरलं होतं. एक दात नाही. उभी केली की पाय कोवळ्या भेंडीसारखे वाकत. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर त्यात कॅल्शियम हवं त्याहून जास्तच. सगळं आहे, ते म्हणाले होते, हाडात बसत नाही एवढंच. हाडही स्फटिकांचंच बनतं, हे निकिता शाळेत शिकली होती. समोर मिठाचं पाणी होतं, सगळं असलेलं, न बसणारं.

त्याच आठवड्यात तिने भांडून निवळ बंद करवलं. पण खाडीतलं बाहेर कसं काढणार? वेगळं करायचं तर आधी ते साकळायला हवं. आणि साकळू न देणं हाच त्याचा गुण. ते कुजत नव्हतं, विरत नव्हतं. बाळाच्या अंगातूनही जात नव्हतं.

तिन्हीसांजेला तिने हे सगळं सासूला सांगितलं. माशांचंही. चांगुणाबाई ओसरीवर शर्वीची टाळू भरत होती. या वयाला टाळू बहुतेक भरून आलेली असते. शर्वीची अजून बोटाखाली मऊ लागे. रोजची ओवी ओठांवर होती:

थेंब थेंब तेल बाई, टाळूला मुरू दे
उघडं हे दार माझ्या बाळीचं भरू दे

ओवी मध्येच थांबली. वाटीतल्या तेलात बोट तसंच राहिलं.

“मी भरवले गो ते काटे,” ती म्हणाली.

“आणि मी सोडलं.”

दोघींच्या मध्ये शर्वी बिनदातांचं हसली. तिच्या टाळूखाली नाडी उडत होती.

“मिठाला विरजण लावायला जुनं मीठ तरी होतं घरात,” चांगुणाबाई हळूच म्हणाली. “हिला काय लावू?”