नागलीचं पीठ आणि पंधरा दिवस

नवसाबाईंच्या हातातला पेला कलंडताना पाहून हर्षाली धावली, तोच मध्ये एक तळहात आडवा आला.

"थांबा ना, डॉक्टर... त्या सावरतायत."

पेला पडलाच. सगळं पाणी हर्षालीच्या चपलांवर.

"मेडिसिनच्या वॉर्डात आम्ही पेशंटला पडू देत नाही," ती फणकारली.

"पेशंटला कुठे पडू दिलं? पेला पडला," म्हणत तो फडकं आणायला गेला.

हा समाधान, पुनर्वसन वॉर्डातला फिजिओथेरपिस्ट. हर्षाली, शहरातल्या इंदिरानगरात वाढलेली इंटर्न, इथे तिचे फक्त पंधरा दिवस.

नवसाबाई पेठ तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. डाव्या अंगावरून वारं गेलेलं. हर्षालीने फाइलमध्ये ध्येय लिहिलं होतं, 'दहा मीटर चालणे'. समाधानने बाईंनाच विचारलं, "आजी, घरी गेल्यावर आधी काय करायचंय?"

"भाकर थापायचीय. सून द्राक्षाच्या कामाला गेली, नातवांना कोण घालील?"

हर्षालीने गुपचूप दहा मीटर खोडले.

मग ती शिकत गेली. बाई ब्लाउजचं एक बटण लावायला पाच मिनिटं घेत, आणि ती पाच मिनिटं मदत न करता नुसतं बसणं किती अवघड असतं ते. आणखीही काही होत होतं... समाधान बाईंची पावलं मोजायचा, "पाच, सहा, सात... सात..."

"सातनंतर आठ येतात."

"तुम्ही समोर उभ्या राहिलात की नाही येत," तो खाली बघत म्हणायचा.

पण त्यापुढे एक अक्षर नाही. सगळ्यांशीच असं बोलत असेल का हा? शनिवार उजाडला तरी तिला कळेना. सोमवारपासून ती दुसऱ्या इमारतीत, बाळंतपणाच्या वॉर्डात. मग कोण कुठे भेटतंय?

शनिवारी वॉर्डातल्या सरावाच्या स्वयंपाकघरात तिने बाईंसाठी मुद्दाम आणलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ परातीत घेतलं, नळाचं पाणी घातलं आणि मळू लागली. भाकरी थापताच चारी बाजूंनी फाटली.

नवसाबाई पहिल्यांदाच खळखळून हसल्या. "अगं बाय, गार पाण्यात नागली मळतीस? पाणी उकळाया लागतं. इंदिरानगरात येवढंबी शिकवलं नाय? सरक."

समाधानने पाणी उकळून दिलं. बाईंनी उकड काढली, आणि बोलण्याच्या नादात दोन्ही हात परातीत घातले. दोन्ही. डावी बोटं नीट उघडत नव्हती, पण दाबत होती. आधार द्यायला हर्षालीचा हात पुढे झाला, समाधानचाही; आणि दोन्ही हात तिथेच थबकले, एकमेकांना टेकून. कुणीच मागे घेतला नाही.

"माझ्याकडं बघा की," नवसाबाई म्हणाल्या. "का एकमेकांकडंच बघत ऱ्हाणार?"

समाधानचे कान लाल झाले. तवा तापला, वेडीवाकडी भाकरी त्यावर पडली. बाई तिच्यात गुंतल्या, तशी हर्षाली हळूच म्हणाली, "मी आवडते का तुम्हाला?"

"...पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही पंधरा दिवसांच्या पाहुण्या. जाणाऱ्या माणसाला कशाला अडवायचं, असं वाटलं."

"अडवू नका. विचारून तर बघा."

त्याने पिठाची बोटं फडक्याला पुसली. "उद्या संध्याकाळी... इथल्या गंगेवर, नदीच्या घाटावर याल?"

"असं नाही येणार."

"मग कसं विचारू?"

"अहो-जाहो सोडून."

त्याने फडकं खाली ठेवलं.

"हर्षाली... येशील?"