दांडीपलीकडची

संध्याकाळी मुलं घरी गेली की उंच उडीची दांडी उतरवायची, गादीवर कापड ओढायचं, दिवे मालवायचे आणि किल्ली चौकीदाराकडे द्यायची, एवढंच क्रीडागृहातलं तिचं काम. एके काळी या दांडीवरून तीच उडायची. तेव्हा अंगानं इतकी हलकी, की सगळे तिला कौतुकानं ‘पीस’ म्हणत. ते कौतुक पोरीच्या डोक्यात असं चढलं, की तिनं जेवणाशी वैरच धरलं. शेवटी एका स्पर्धेत दांडीकडे धावता धावता कोसळली आणि डोळे उघडले ते दवाखान्यात.

उडी कायमची सुटली. जीव मात्र ताईनं, थोरल्या बहिणीनं, ओढून परत आणला. घासाघासाला हुज्जत, रुसवेफुगवे, रडारड, सगळ्याला पुरून उरली ती बाई. आता गाल भरले होते, केस गळायचे थांबले होते. संध्याकाळचा डबा कामावर खायचा आणि ताईला फोनवर तसं सांगायचं, एवढा एक नेम राहिला होता.

त्या दिवशी दांडी उतरवून ती कोठीत गेली. परत येऊन बघते तर दांडी पुन्हा वर, अगदी तिच्या जुन्या उंचीवर. आधी वाटलं, कार्ट्यांचा चावटपणा. पण दाराला आतून कडी होती. गादीवर एक उथळ खळगा पडला होता. तिनं हात लावला, तर बर्फासारखा गार. आणि वास… उडीआधी ती पोटऱ्यांना चोळायची, त्याच मलमाचा.

खरं तर तिथून पळ काढायला हवा होता. पण भीतीआधी मत्सर उसळला. आपली उंची दुसरंच कुणी ओलांडतंय! रात्रभर ती कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला अडकवून, दांडी उतरवून, डबा हातात घेऊन ती कोठीच्या दाराआड उभी राहिली. उजेड कलला. मलमाचा वास दाटला. दांडी वर सरकली आणि भिंतीकडून एक पोर धावत आली. पाठीवर तिचाच जुना क्रमांक, मानेवर तिचीच घट्ट वेणी. पावलांचा आवाज नाही. पोर दांडीवरून अलगद गेली, गादीवर पडली आणि तिथं पुन्हा तोच उथळ खळगा उमटला.

ती स्वतःच होती. तेव्हाची. आणि आताची ती आपल्या भरल्या दंडांकडे बघून नुसती जळत होती.

“अजून… अजून उडतेस तू?”

पोरीनं मान वळवली. तिची नजर हातातल्या डब्यावर खिळली.

“आज खाऊ नकोस… मला दे. मग तूही उडशील…”

इतक्यात फोन वाजला.

“खाल्लंस ना गं?” ताईनं विचारलं.

तिनं दांडीकडे पाहिलं. “हो… खाल्लं.”

“शहाणी माझी ती! ये लवकर, वाट बघतेय.”

हे ऐकताना पोरीचा चेहरा कसा वेडावाकडा झाला, ते तिला दिसलंच नाही. डबा गादीच्या कडेला ठेवून ती दांडीकडे धावत सुटली. अंग आपोआप उचललं गेलं, दांडी हललीसुद्धा नाही. पडल्या पडल्या ती मोठ्यानं हसली. मग गादीचा गारठा हाडांत शिरू लागला, तशी उठली. डबा चाटूनपुसून साफ. पोर नाही. खुंटीवर तिचा कोटही नव्हता. तिथं जुना क्रमांक शिवलेला बनियन लोंबत होता.

किल्ली पुढे केली तर चौकीदार दचकला. “मघाशीच गेलात ना तुम्ही? कोट घालून?”

तिनं घर गाठलं ते कुडकुडतच. स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकीच्या काचेतून तिनं आत डोकावलं. तिच्या खुर्चीवर, तिचा कोट घालून कुणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि भराभरा जेवत होतं. ताई वाढत होती, मधूनच डोळे पुसत होती.

“किती वर्षांनी मागून खातेस गं बाई…”

बाहेर तिच्या पोटात भूक उठली. अशी कडकडून भूक तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. आणि त्याहून जास्त जाळत होता तो ताईचा हात, दुसरीच्या पाठीवरून फिरणारा. माझी ताई आहे ती! तिनं काचेवर थाप मारली.

“कोण आहे गं बाहेर?” ताईनं विचारलं.

कोटवालीनं वळून पाहिलं. गाल घासानं फुगलेले होते.

“कुणी नाही, ताई… वाढ ना आणखी.”

ताईनं पडदा ओढला. दाराकडे धाव घ्यावी म्हणून ती वळली, पण पाय काही केल्या जमिनीला टेकेनात.