बोटांखालचा कोरा कोपरा

शिकागोतल्या एका म्युझियमच्या तळघरात सावनी तीन आठवडे एकाच बुद्धासमोर बसत होती. बिहारकडचा काळा दगड, हजारेक वर्षांपूर्वीचा. त्यावरचा प्रत्येक ओरखडा नोंदवायचा, हे तिचं काम. शॉमबर्ग उपनगरातल्या खोलीवर परत जाईपर्यंत तिच्याशी बोलायला चिटपाखरू नसे, आणि खोलीवरही नसे.

बुद्धाचा उजवा हात जमिनीकडे होता. 'तुझा साक्षीदार कोण?' असं तप मोडायला आलेल्या माराने दरडावलं, तेव्हा त्याने भूमीला बोटं लावली, त्याची ही खूण. आसनाच्या डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा भक्त हात जोडून बसलेला. बोटांखालचा उजवा कोपरा मात्र कोरा.

"तो हात जोडलेला कोण?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"डोनर. मूर्ती करवून घेणारा," तिच्या बॉस मीनाक्षीताई म्हणाल्या. त्या इथेच जन्मलेल्या. "नाव कुणालाच माहीत नाही. पण बुद्ध त्याला कधी विसरणार नाही, दॅट्स द आयडिया."

"नशीबवान आहे," सावनी म्हणाली. तिला खरंच हेवा वाटला होता.

मंगळवारी स्टुलावरून उतरताना तिचा पाय आसनाला लागला. लहानपणापासूनची सवय, हात गेलाच. बोटं दगडाला, मग कपाळाला. हातमोजे तर काढून ठेवलेले. उघड्या हाताने शिवायचं नाही, हा इथला पहिला नियम. तिने जीभ चावली आणि कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी कोऱ्या कोपऱ्यात उंचवटा दिसला. गुरुवारी त्याला गुडघे होते.

सावनी विज्ञानाची मुलगी. तिने दिवा फिरवून पाहिला, मग जुने फोटो उघडले. सगळ्या फोटोंत ते गुडघे होते. पहिल्या दिवसाच्या नोंदीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'उजवा कोपरा : स्त्री, चेहरा अस्पष्ट.'

शुक्रवारी सकाळी तिच्या कार्डाने दार उघडेना. रोज हात करणाऱ्या गार्डने तिला नाव विचारलं.

मीनाक्षीताई वर आल्या. "सॉरी, तुम्ही कोणाकडे आलात?"

"ताई, मी सावनी."

त्या नम्रपणे हसल्या. ओळख नव्हतीच.

त्यांच्या हातात मूर्तीचा फोटो होता. "उजव्या कोपऱ्यात कोण आहे?" सावनीने विचारलं.

"डोनर असावी. नाव कुणालाच माहीत नाही."

सावनीने फोटोत पाहिलं. चेहरा आता स्पष्ट होता.

त्या बाईने हात जोडले नव्हते. तिच्या उजव्या हाताची बोटं कपाळाला लागलेली होती.