कच्चा आवाज

तिच्या खुर्चीत पॉपकॉर्नचा भलामोठा डबा ऐसपैस बसला होता. शेजारचा चष्मेवाला त्याला इतक्या मायेनं सांभाळत होता, की जणू त्याचंही तिकीट काढलं असावं.

“ही जागा माझी आहे,” जाहिरातींच्या गोंगाटात ती म्हणाली.

“ऑ… हो हो!” त्याचं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे शब्द कसेबसे बाहेर पडले. घाईनं त्यानं डबा उचलला आणि निम्मे दाणे तिच्या पायांवर सांडले. “घ्या ना… म्हणजे खालचे नको. वरचे घ्या.”

बाहेरच्या सरींनी तिचे केस भिजले होते, तिकिटाच्या रांगेत धक्के खाऊन जीव मेटाकुटीला आला होता. तरी तिला हसू फुटलं. तिनं वरचे दोन दाणे घेतले.

खरं तर ती सिनेमा बघायला आलीच नव्हती. ती आली होती एक नाव वाचायला.

परदेशी सिनेमे आपल्या भाषेत येतात तेव्हा त्यातल्या बायका ज्या आवाजात बोलतात, तो आवाज देणं हे तिचं काम. या अंतराळपटाच्या पहिल्या भागात तिची नायिका, ती यानाची वैमानिक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बर्फाच्या पेटीत झोपलेली होती. तिच्या वाट्याला आले दोन सुस्कारे आणि एक शिंक! दुसऱ्या भागात मात्र बाईसाहेब जाग्या झाल्या, यान चालवू लागल्या, कप्तानाशी कडाकडा भांडू लागल्या. आणि बंद खोलीत एकटीच उभी राहून संवाद म्हणताना तिच्या कानातल्या हेडफोनमधून तो कप्तान बोलू लागला.

काय आवाज होता तो! फार भारदस्त नाही, फार गोड नाही. हसता हसता मध्येच अडखळणारा. त्या आवाजाशी ती रुसली, त्याच्यावर चिडली, त्याच्याबरोबर धूमकेतूवर उतरली… आणि प्रेमात पडली. साधं, सरळ, आकंठ प्रेम.

“कोण आहे हो हा?” तिनं रेकॉर्डिंगवाल्या काकांना विचारलं होतं.

“सिनेमा लागेपर्यंत नावं सांगायची नाहीत, असा करार आहे. शेवटी पडद्यावर येतील, तेव्हा वाच.”

ताईनं तर कपाळाला हात लावला होता. “आवाजावर भाळलीस? अगं, माणूस कडू कारलं निघाला तर?”

“निघू दे. पण एकदा त्याला बघायचंच आहे गं. नाहीतर जन्मभर चुटपुट लागून राहील.”

दिवे मालवले. यानाचं दार उघडलं. धुरातून कप्तान बाहेर आला, आणि त्यानं तोंड उघडलं.

हा तो नव्हताच! हा कुणीतरी जाडजूड, घोगरा, स्वतःच्याच आवाजावर खूश असलेला माणूस होता. मग तो कुठे गेला? आता शेवटी नाव तरी कुणाचं वाचायचं? समोर ग्रह फुटत होते, लोक शिट्ट्या मारत होते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

त्यात शेजारच्याची पुटपुट चालूच.

“शूऽऽ!” ती वैतागून म्हणाली.

“सॉरी… सवय,” तो ओशाळं तोंड करून कुजबुजला.

पडद्यावर धूमकेतू आला. वैमानिक पाठ फिरवून निघाली. कप्तानानं हात पुढे केला, आणि त्याचे ओठ हलायच्या आधीच शेजारून आलं, “थांब ना… एकटी कुठे चाललीस?”

अगदी तसंच! तसंच अडखळत!

आता हा प्रश्न कानात आला की उत्तर तोंडातून जायचं, ही तिची सवय झालेली. ती खणखणीत बोलून गेली, “तुझ्याशिवाय कुठे जाणार, वेड्या?”

आणि लगेच पडद्यावरची वैमानिक त्याच आवाजात तेच म्हणाली.

पुढच्या रांगेतले आजोबा वळले. “एकदा ऐकलं की, बाई!”

चष्मेवाल्याच्या हातातला दाणा हातातच राहिला. “तुम्ही… ती?”

“आणि तुम्ही तो! पण पडद्यावर तर भलताच कुणी बोलतोय…”

“मी संवाद लिहितो,” तो अगदी हळू म्हणाला. “कप्तानाचा आवाज देणारे मोठे कलाकार. त्यांना सगळ्यांत शेवटी वेळ मिळाला. तोवर तुमच्याशी बोलायला कुणीतरी हवं, म्हणून काकांनी मला दुसऱ्या खोलीत उभं केलं. त्याला कच्चा आवाज म्हणतात. पक्का आला, की कच्चा पुसतात.”

“पुसला?”

“पुसला.”

तिला फार वाईट वाटलं. एवढं सुरेख काही असं पुसून टाकतात का कुणी? “मग तुम्ही कशाला आलात? तुमचा आवाज तर यात नाही.”

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “तुमचा आहे ना…”

पडद्यावर काहीतरी मोठ्ठं फुटलं. तिनं बघितलंच नाही.

“ते धूमकेतूवरचं वाक्य तुमच्याकडून परत परत म्हणवून घेतलं, आठवतं?” तो म्हणाला. “ते… मीच काकांना सांगितलं होतं.”

“तुम्ही होय! घसा बसला माझा त्या दिवशी. चुकलं काय होतं एवढं?”

“काही नाही.”

“मग?”

“फार छान झालं होतं… म्हणून.”

अंधार होता म्हणून बरं. तिचे कान लालबुंद झाले होते. “इतकं होतं, तर सरळ भेटायचं!”

“तुमच्या खोलीच्या जिन्यापर्यंत यायचो हो. दुसऱ्यांच्या तोंडी वाट्टेल ते घालता येतं. स्वतःची वेळ आली, की तोंडाला कुलूप.”

युद्ध कोण जिंकलं, ते दोघांनाही कळलं नाही. शेवटी नावं सरकू लागली. कप्तानाचं नाव वर निघून गेलं, तिनं वाचलं नाही. तिचं आलं, तेव्हा मात्र शेजारच्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

“उठा आता!” झाडू घेऊन आलेल्या मावशी ओरडल्या. “आणि हे पॉपकॉर्न कुणी सांडलं?”

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

बाहेर भुरभुर चालू होती. दारात त्यानं छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. “बरं… मग… येतो मी.”

आणि हा बाबा खरंच निघाला! आवाज तर गेलाच होता, आता डोळ्यांदेखत माणूसही चालला. इथे ना हेडफोन होते, ना कुणी लिहून दिलेलं वाक्य.

“अहो!”

तो वळला.

“मला तुमचा आवाज आवडतो. केव्हापासून ते विचारू नका. माणूस कसा आहे, ते ठाऊक नाही. चहा पाजलात तर कळेल.”

तो छत्री धरायची विसरून भिजत उभा राहिला. “आणि माणूस नाही आवडला तर?”

“तर डोळे मिटून ऐकत बसेन.”

कोपऱ्यावरच्या हॉटेलात वाफेनं त्याचा चष्मा धुरकटला. तसाच आंधळा होऊन तो साखरेच्या भांड्याशी मनापासून बोलत राहिला, चहा बशीत सांडला, जीभ पोळली, स्वतःलाच हसला. ती गालावर हात ठेवून बघत होती. डोळे मिटायची वेळच येईना. दुसरा कप यायच्या आत तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत त्याच्या नाकावर ठेवला आणि सांगून टाकलं,

“माणूसही आवडला.”